छोट्या गाडीमालकांनी बिलं फॅक्टरिंगला द्यावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून लगेच, ड्रायव्हरचा भत्ता गाडी निघण्याआधी, आणि भाडं मात्र साठ-नव्वद दिवसांनी. वाहतूकदारांचे हिशेब सांभाळताना ‘बिलावर लगेच पैसे देणाऱ्या कंपन्यांकडे जावं का’ हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. कळंबोली, भिवंडी, चाकण, नाशिक, बुटीबोरी इथल्या मंडळींनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेबांतले दर समजण्यापुरते धरले आहेत. तुमचा दर तुमच्या पार्टीवर (म्हणजे भाडं देणाऱ्या ग्राहकावर) आणि करारावर ठरेल.

१. फॅक्टरिंग म्हणजे नेमकं काय? शेवटी कर्जच ना ते?

तुम्ही माल पोचवला, बिल लावलं, पार्टीने ६० दिवसांनी पैसे देणं मान्य केलं. हे येणं तुम्ही दुसऱ्या कुणाला विकता आणि तो खर्च कापून पैसे आज देतो. साठाव्या दिवशी पार्टी त्याला पैसे देते. येणं विकत घेणारा तो फॅक्टर. भारतात यासाठी २०११चा फॅक्टरिंग नियमन कायदा आहे. २०२१ साली तो बदलला आणि जास्त बिगरबँक वित्त कंपन्यांना या धंद्यात यायची वाट मोकळी झाली.

कर्ज आहे की नाही, हे करारावर ठरतं. पार्टीने पैसे बुडवले तर ते तुमच्याकडून वसूल होणार असतील, तर नाव काहीही असो, धोक्याच्या हिशेबात ते कर्जच धरा. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. माझ्या दोनच गाड्या आहेत. दलालामार्फत भाडं घेतो. मला याचा काही उपयोग?

बहुतेक नाही. खुल्या बाजारात भाड्याचा मोठा हिस्सा अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि बॅलन्स पोच (माल मिळाल्याचा सही केलेला कागद) दिल्यावर. तुमचे जे पाच-दहा हजार अडकतात ते दलालाकडे किंवा ट्रान्सपोर्टवाल्याकडे. त्याचा ताळेबंद कोणी फॅक्टर बघणार नाही, आणि बऱ्याचदा तुमच्याकडे रीतसर बिलही नसतं, नुसती भाडेचिठ्ठी असते. एवढ्या छोट्या येण्यावर कागदपत्रांचा खर्चच जास्त होईल.

इथला खरा उपाय वेगळा आहे. अ‍ॅडव्हान्सचा टक्का वाढवून घ्या, पोचेचा फोटो उतरवल्याच्या दिवशीच पाठवा, आणि बॅलन्स लटकवणाऱ्या दलालाची गाडी पुढच्या वेळी भरू नका. हे सांगायला सोपं आणि मंदीत पाळायला कठीण, हे मान्य. पण फॅक्टरिंग त्याला पर्याय नाही.

३. मग हे कुणाच्या कामाचं?

ज्याचं कंपनीशी थेट काम आहे त्याच्या. चाकणच्या वाहन कारखान्याला सुटे भाग पोचवणारा, न्हावाशेव्यातून कंटेनर ओढणारा, सिमेंट किंवा पोलादाच्या कंपनीचा वार्षिक करार असलेला, पाच ते तीस गाड्यांचा मालक. पार्टी मोठी आणि पैसे देणारी, पण उशिरा देणारी असावी. बिलं नियमित असावीत. आणि काम वाढवायची खरी संधी केवळ खेळतं भांडवल नाही म्हणून अडलेली असावी.

यातली शेवटची गोष्ट लोक विसरतात. धंदा तोट्यात असेल, भाड्याचा दरच परवडत नसेल, तर पैसे आज मिळाले काय आणि दोन महिन्यांनी मिळाले काय, तोटा तेवढाच. त्यात फॅक्टरचा खर्च वाढतो एवढंच.

४. ते म्हणतात, ‘महिन्याला फक्त दोन टक्के.’ दोन टक्के म्हणजे काही फार नाही ना?

फार आहे. किती ते दोन हिशेबांत पाहू.

पहिला हिशेब वार्षिक दराचा. बिल १ लाखाचं. फॅक्टर आज ८० टक्के, म्हणजे ८०,००० देतो आणि बाकीचे पार्टीचे पैसे आल्यावर. फी मात्र पूर्ण बिलावर दोन टक्के, म्हणजे २,०००. फी सेवाशुल्क म्हणून लावली असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, ३६०. तीस दिवसांसाठी तुम्ही ८०,००० वापरले आणि २,३६० मोजले. महिन्याला २.९५ टक्के, वर्षाला ३५ टक्क्यांच्या वर. दर विचारताना म्हणूनच ‘कशावर’ हे आधी विचारायचं: पूर्ण बिलावर की हातात दिलेल्या रकमेवर?

दुसरा हिशेब नफ्याचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा महिन्याचं बिलिंग १० लाख, पार्टी ६० दिवसांनी पैसे देते, आणि डिझेल, टोल, भत्ता, टायर, विमा, हप्ते जाऊन तुमच्या हाती ८ टक्के राहतात, म्हणजे ८०,०००. सगळी बिलं वर्षाला १२ टक्के दराने दिली तर साठ दिवसांचा खर्च साधारण १९,७०० येतो. म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. तेच महिन्याला सरसकट दोन टक्क्यांनी दिली तर साठ दिवसांचे ४०,०००, नफ्याचा अर्धा, आणि जीएसटी वेगळा. बिलाच्या तुलनेत दोन टक्के किरकोळ दिसतात. पण फी बिलातून कापली गेली तरी ती निघते तुमच्या ८ टक्क्यांतून.

तरीही हे परवडतं केव्हा? त्या पैशामुळे गाड्या जास्त फेऱ्या करत असतील, किंवा याहून महाग उधारी सुटत असेल तेव्हा. पंपावरच्या उधारीचा वरचा भाव, ‘आज पैसे हवेत तर तीन टक्के कापतो’ म्हणणारा मधला ट्रान्सपोर्टवाला, सावकार. तीस दिवस आधी पैसे देण्याचे तीन टक्के म्हणजे वर्षाचे ३६ टक्के झाले. या सगळ्यांची यादी करून बेरीज मांडा. बऱ्याच जणांनी ती कधी मांडलेलीच नसते.

५. बँकेची सीसी, बिल डिस्काउंटिंग, फॅक्टरिंग: यात स्वस्त काय?

साधारण क्रम असा लावा.

सगळ्यात आधी पार्टीलाच विचारा. ‘साठऐवजी दहा दिवसांत द्या, एक टक्का कापा.’ पन्नास दिवसांसाठी एक टक्का म्हणजे वर्षाला ७.३ टक्के पडतात. एवढ्या स्वस्तात तुम्हाला सहसा कुणी पैसे देणार नाही. ज्या कंपनीकडे रोकड पडून आहे तिलाही हे परवडतं, कारण मुदत ठेवीवर तिलाही फार मिळत नाही. विचारायला लाज वाटते म्हणून हा पर्याय वाया जातो.

मग बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलायची सोय). जेवढी रक्कम वापराल तेवढ्यावरच व्याज, पण तारण किंवा सरकारी पतहमी लागते आणि मर्यादा मंजूर व्हायला वेळ जातो. त्यानंतर ट्रेड्स (प्रश्न ६). पार्टी चांगल्या पतीची असेल तर ते सीसीपेक्षाही स्वस्त पडू शकतं. खासगी फॅक्टर किंवा अ‍ॅपवरची बिल डिस्काउंटिंग कंपनी शेवटी.

डिस्काउंटिंग आणि फॅक्टरिंग यांतला फरक असा: डिस्काउंटिंगमध्ये वसुली बहुधा तुम्हीच करता आणि पार्टीला कळेलच असं नाही. फॅक्टरिंगमध्ये येणंच फॅक्टरच्या नावावर जातं आणि वसुलीही तोच बघतो. बाजारात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे नावाकडे बघू नका, करार वाचा.

६. ट्रेड्स म्हणजे काय? छोट्या ट्रान्सपोर्टरला तिथे घेतात का?

घेतात. ट्रेड रिसीव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टिम ही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ऑनलाइन व्यवस्था आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग तिथे विक्रेते म्हणून येतात, आणि उद्योगात सेवा देणारेही आले, म्हणजे वाहतूकदारही. मालकी एकट्याची असली तरी चालतं. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग असल्याची सरकारी नोंदणी) मात्र हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका.

आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तीन प्लॅटफॉर्म २०१७मध्ये सुरू झाले. नंतर आणखी आले. चालतं असं: तुम्ही बिल चढवता (किंवा पार्टीच चढवते), पार्टी ते मान्य करते, मग बँका आणि वित्त कंपन्या त्यावर बोली लावतात. सर्वात कमी दराची बोली तुम्ही निवडायची. एक-दोन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात. ठरलेल्या तारखेला पार्टीच्या खात्यातून रक्कम थेट वळती होते.

दोन गोष्टींमुळे छोट्या माणसाला हे सोयीचं पडतं. एक, दर पार्टीची पत बघून ठरतो, तुमची नव्हे. तीन गाड्यांच्या मालकाला मोठ्या कंपनीच्या पतीवर पैसे मिळतात. १ लाखाच्या बिलावर ९ टक्के दराने नव्वद दिवसांचा खर्च सुमारे २,२२० रुपये येईल. प्रश्न ४मधल्या ‘फक्त दोन टक्क्यां’शी ताडून पाहा. दुसरी गोष्ट, पार्टीने पैसे दिले नाहीत तर विक्रेत्याकडे वसुली येत नाही. ही व्यवस्थेची अटच आहे.

नोंदणीचं आणि व्यवहाराचं शुल्क प्लॅटफॉर्मगणिक वेगळं असतं. व्याज तुम्ही सोसायचं की पार्टीने, हे बिल चढवण्याआधी लेखी ठरवा. पुष्कळ पार्ट्या ते गुपचूप तुमच्यावर टाकतात.

७. माझी पार्टी ट्रेड्सवर आहे की नाही हे कसं कळणार? आणि असूनही बिल मान्य करत नसेल तर?

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या ज्या कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे तिने, आणि केंद्र सरकारच्या सर्व सार्वजनिक कंपन्यांनी, ट्रेड्सवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. आधी ही मर्यादा ५०० कोटी होती, नोव्हेंबर २०२४च्या अधिसूचनेने ती खाली आणली आणि ३१ मार्च २०२५पर्यंतची मुदत दिली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून तेल कंपन्यांचे टँकर चालवणाऱ्या आपल्या लोकांच्या पार्ट्या या दुसऱ्या गटात येतात.

पार्टीच्या अकाउंट्समध्ये थेट विचारा, ‘कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहात?’ किंवा प्लॅटफॉर्मच्या मदत क्रमांकावर कंपनीचं नाव सांगा.

खरी अडचण पुढची आहे. बंधन नोंदणीचं आहे. तुमचं बिल मान्य करण्याची सक्ती नाही. नाव नोंदवून गप्प बसलेल्या कंपन्या भरपूर आहेत, कारण एकदा मान्य केलं की ठरल्या तारखेला पैसे द्यावेच लागतात, तारीख ढकलता येत नाही. यावर करार करतानाच एक ओळ घालून घेणं हाच उपाय: पोच मिळाल्यापासून अमुक दिवसांत पार्टी ट्रेड्सवर बिल मान्य करेल. करार चालू असताना मधेच मागितलं तर सहसा मिळत नाही, नूतनीकरणाच्या वेळी मिळतं.

८. पार्टी बुडाली तर पैसे कोण भरणार?

करारात ‘विथ रिकोर्स’ असेल तर तुम्ही. ‘विदाउट रिकोर्स’ असेल तर फॅक्टर. खासगी कंपन्यांचे बहुतेक करार पहिल्या प्रकारचे असतात आणि जोडीला सह्या केलेले कोरे चेक मागितले जातात. पार्टीने ९० दिवसांत पैसे दिले नाहीत की फॅक्टर तुमचा चेक लावणार. तो परत गेला तर चेक न वटल्याचा खटला तुमच्यावर.

विदाउट रिकोर्सही पूर्ण कवच नाही. पार्टीची दिवाळखोरी किंवा पैसे देण्याची असमर्थता एवढाच धोका फॅक्टर घेतो. ‘माल कमी उतरला म्हणून पैसे देत नाही’ असं पार्टी म्हणाली की तो वाद तुमचा. त्यासाठी पुढचा प्रश्न.

९. शॉर्टेज किंवा डॅमेज निघालं तर फॅक्टर काय करतो?

वाहतुकीच्या बिलात सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं, आणि फॅक्टरला हे पक्कं ठाऊक असतं. ५०,०००च्या बिलातून पार्टीने शॉर्टेजचे ४,००० कापले, उशिराचा दंड २,००० लावला, तर फॅक्टरला ५०,०००ऐवजी ४४,००० मिळतील. राखून ठेवलेल्या रकमेतून (प्रश्न ४मध्ये मागे ठेवलेले २० टक्के) तो ते कापेल. राखीव पुरली नाही तर तुमच्याकडून मागेल किंवा पुढच्या बिलातून वळते करेल.

म्हणून फॅक्टरिंगची खरी तयारी गोदामाच्या दारात होते. उतरवून घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख, वेळ आणि नगांची संख्या बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) स्पष्ट असली पाहिजे. ‘माल तपासून घ्यायचा बाकी’ असा शेरा मारून दिलेली पोच म्हणजे भांडणाला आमंत्रण. ड्रायव्हरला तिथेच फोन करायला सांगा, शेरा काढून घ्या किंवा कमी नग किती ते तिथेच लिहून घ्या. नेमका आकडा असेल तर वाद त्या आकड्यापुरता राहतो. मोघम शेऱ्याने पूर्ण बिल अडकतं.

हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) आणि हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) मूळ भाड्याच्या बिलात घालू नका. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा आपण कितीही दिली तरी त्या पैशावर पार्टी हुज्जत घालतेच, आणि तिच्यापायी स्वच्छ भाडंही थांबतं. त्यांचं बिल वेगळं लावा आणि फॅक्टरिंगला फक्त भाड्याचं बिल द्या.

ट्रेड्सवर पार्टीने एकदा बिल मान्य केलं की शॉर्टेजचं कारण सांगून त्या तारखेचे पैसे तिला अडवता येत नाहीत. त्यामुळेच ती मान्य करण्याआधी पोच बारकाईने बघते.

१०. कागद कोणते तयार ठेवायचे?

पॅन, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी असल्यास ती, बँकेचे उतारे, दोन-तीन वर्षांचे ताळेबंद, पार्टीशी झालेला करार किंवा वर्क ऑर्डर. प्रत्येक बिलासोबत बिल्टी, ई-वे बिल आणि सही-शिक्क्याची पोच. मालवाहतूक एजन्सीला ई-इनव्हॉइसचं बंधन नाही, त्यामुळे बरेच जण साध्या बिलबुकावर चालवतात. ते कायद्याने चालतं, पण बिल क्रमांक सलग आणि गाडी क्रमांक बिल्टीशी जुळणारा हवा. एक आकडा चुकला तरी फाइल परत येते.

११. जीएसटी आणि टीडीएसचं काय? पूर्ण बिलावर पैसे मिळतात का?

पार्टी प्रत्यक्षात जेवढं देणार तेवढ्यावरच. तुम्ही वैयक्तिक मालक असाल तर १ टक्का आणि कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के टीडीएस कापून उरलेली रक्कम धरतात. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील आणि पॅनसह तसं लेखी दिलं असेल, तर पार्टीने टीडीएस कापायचा नसतो. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. नाही तर प्रत्येक बिलात फरक येऊन फॅक्टरचा हिशेब जुळत नाही.

भाड्यावरचा कर रिव्हर्स चार्जने पार्टी भरत असेल तर बिलात तो नसतोच. पण मग फॅक्टरच्या फीवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, तो निव्वळ खर्च. व्याज किंवा डिस्काउंट म्हणून लावलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, फीवर लागतो. त्यामुळे ‘व्याज कमी, प्रोसेसिंग फी जास्त’ अशी मांडणी तुम्हाला महाग पडते.

२२ सप्टेंबर २०२५पासून फॉरवर्ड चार्जमध्ये (म्हणजे कर वाहतूकदारानेच बिलात लावून भरायचा) क्रेडिटसह जीएसटी १२ऐवजी १८ टक्के झाला. तो निवडलेल्यांची अडचण मोठी आहे. पार्टीने भाडं दिलेलं नसतं आणि सरकारला कर पुढच्या महिन्यातच भरायचा असतो. आमच्याकडे फॅक्टरिंगची चौकशी करणाऱ्यांत आता या गटाची भर पडली आहे.

१२. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे ना? मग व्याज मी का सोसू?

कायदा आहे. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि करारात काहीही लिहिलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची आयकरातली वजावट पार्टीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. ४३बी(एच) म्हणून हे कलम गाजलं. मार्चमध्ये जुनी बिलं अचानक निघायला लागतात ती याच धाकाने.

तक्रार सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाते. तिथला निकाल पार्टीला आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हत्यार जोरदार आहे. पण तक्रार केली की त्या पार्टीचं काम सहसा संपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझा सल्ला असा: चालू पार्टीला कायद्याची आठवण देणारं सभ्य पत्र, सुटलेल्या पार्टीवर तक्रार. उद्यम नोंदणी मात्र काम करण्याआधीची हवी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर हक्क सांगायला गेलं की वाद अडकतो.

१३. बँकेची सीसी चालू आहे आणि गाड्यांवर कर्जही आहे. तरी बिलं देता येतील?

गाड्यांच्या कर्जाचा बोजा गाडीवर असतो, बिलांवर नाही, तो सहसा आड येत नाही. सीसीचं वेगळं आहे. सीसी देताना बँकेने तुमची येणी तारण घेतलेली असतात. तीच बिलं बँकेला न सांगता फॅक्टरला विकली तर एकाच येण्यावर दोघांचा हक्क होतो, आणि ही फसवणूक ठरू शकते. फॅक्टर आपला हक्क सरसाई या केंद्रीय नोंदणीत नोंदवतो, त्यामुळे लपूनही राहत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र घ्या. एका ठरावीक पार्टीची बिलं सीसीतून वगळून मागितली तर बँका तुलनेने लवकर तयार होतात.

१४. पार्टीला वाटेल की मी अडचणीत आहे.

वीस वर्षांपूर्वी वाटलं असतं. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला आज हे नेहमीचं आहे, त्याला फक्त खातं बदलायचा कागद नीट हवा असतो. छोट्या, घरगुती पार्टीला मात्र आधी फोन करून सांगा, शेठला परस्पर नोटीस गेली तर राग येतो. आणि करारात ‘येणं दुसऱ्याला हस्तांतरित करता येणार नाही’ असं कलम असेल तर आधी पार्टीची लेखी संमती घ्या.

१५. खासगी फॅक्टरच्या करारात काय बघायचं?

आधी तो कोण आहे ते. बँक, किंवा रिझर्व्ह बँकेकडे फॅक्टरिंगसाठी नोंदलेली वित्त कंपनीच हवी. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर यादी आहे. एसबीआय ग्लोबल फॅक्टर्स, कॅनबँक फॅक्टर्स अशा बँकांच्या उपकंपन्याही या धंद्यात आहेत. आगाऊ ‘फाइल चार्ज’ भरायला सांगणारा अ‍ॅपवाला दिसला की फोन ठेवा.

मग ही कलमं: सगळी बिलं द्यायचं बंधन आहे की निवडून देता येतात? महिन्याला किमान अमुक रकमेची बिलं दिली नाहीत तर दंड आहे का? राखीव रक्कम किती दिवसांत परत? पार्टीने उशीर केला तर त्या दिवसांचा दर किती? करार मधेच तोडायला किती पैसे? माझ्या मते यातलं पहिलं सर्वांत महत्त्वाचं. निवडून देण्याची मुभा असेल तर फॅक्टरिंग तुमच्या ताब्यात राहतं.

१६. बिल फॅक्टरला दिलं होतं, पण पार्टीने चुकून माझ्याच खात्यात पैसे टाकले. आता?

ते पैसे तुमचे नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ते फॅक्टरसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत आहात. त्याच दिवशी त्याच्याकडे पाठवा आणि पार्टीला मेल करा. हप्त्याची तारीख आहे म्हणून ‘दोन दिवस वापरतो’ असं मनात आलं तरी तसं करू नका. नोटीस मिळाल्यानंतरही पार्टीने तुम्हाला दिले असतील तर ती फॅक्टरच्या देण्यातून सुटत नाही, आणि ती तुमच्यावरच चिडणार.

१७. आम्ही सहकारी साखर कारखान्याचा ऊस आणि साखर वाहतो. बिलं अडकलीत. ट्रेड्स चालेल?

प्रश्न ७मधलं बंधन कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना आहे. सहकारी संस्था त्यात बसत नाही. कारखाना आपणहून आला तरच. खासगी फॅक्टरही हंगामी धंदा आणि कारखान्याची पत बघून हात आखडता घेतो. खासगी कंपनीचा कारखाना असेल आणि उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर जरूर विचारा.

१८. मी मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीला गाड्या लावतो. बिल्टी त्यांची, गाडी माझी. माझं बिल चालेल का?

चालू शकतं. इथे तुमची पार्टी म्हणजे ती लॉजिस्टिक्स कंपनी, मूळ माल पाठवणारा कारखाना नव्हे. पत तिची बघितली जाईल. ती २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सचा आग्रह धरा. एक अट मात्र वाचून घ्या: बऱ्याच करारांत ‘आम्हाला कारखान्याकडून पैसे मिळाल्यावरच तुम्हाला देऊ’ असं असतं. अशा बिलाची देय तारीखच ठरत नाही, आणि तारीख नसलेलं येणं कुणी विकत घेत नाही.

१९. मी गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवून आयकर भरतो. फॅक्टरिंगचा खर्च वजा होईल का?

नाही. दहापर्यंत गाड्या असलेल्यांसाठीच्या अनुमानित पद्धतीत (जुनं ४४एई) जड गाडीला टनामागे दरमहा १,००० आणि इतर गाडीला दरमहा ७,५०० उत्पन्न धरतात. सगळे खर्च त्यातच मिळाले असं मानलं जातं. व्याज असो की फी, वेगळी वजावट नाही. त्यामुळे प्रश्न ४मधला खर्च तुमच्यासाठी करानंतरचा, पुरा खर्च आहे.

२०. माझा भाचा अमेरिकेत ट्रक चालवतो. तिथे म्हणे सगळे फॅक्टरिंग वापरतात. मग आपल्याकडे का नाही?

तिथे दलाल आपल्यासारखा मोठा अ‍ॅडव्हान्स देत नाही, पोच दिल्यावर महिनाभराने किंवा त्याहून उशिरा पूर्ण पैसे देतो. एक ट्रकवालाही त्यामुळे अडकतो, आणि फॅक्टर पोचेचा फोटो बघून त्याच दिवशी पैसे सोडतो. दलालाला ७५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो, त्याची पत तपासायची यंत्रणा आहे. भाच्याचं गणित त्याच्या जागी बरोबर असेल. तरी त्यालाही प्रश्न १५मधली कलमं वाचायला सांगा. लांब मुदतीचे करार आणि मधेच तोडल्याचा दंड तिथेही आहेत.

२१. गाडी अजून वाटेत आहे. आजच बिल काढून पैसे घेतले तर?

नाही. माल पोचेपर्यंत येणं पिकत नाही. पोच जोडल्याशिवाय घेतलेलं बिल, किंवा ओळखीच्या पार्टीकडून नुसतं ‘मान्य’ करून घेतलेलं बिल, हे खोटं बिल आहे. एकदा पकडलं गेलं की फॅक्टर, बँक, जीएसटी खातं सगळीकडे दारं बंद होतात, फौजदारी वेगळी. वाटेतल्या खर्चासाठी अ‍ॅडव्हान्स किंवा डिझेल कार्डची मर्यादा वापरा.

२२. दोन वर्षांपासून सगळी बिलं फॅक्टरला देतोय. आता बाहेर पडायचं तर कसं?

एकदम थांबू नका. थांबलात त्या महिन्यात जुन्या बिलांचे पैसे फॅक्टरकडे जातील आणि नव्या बिलांचे यायला साठ दिवस लागतील, मधे डिझेलला पैसे नसतील. आधी कराराची नोटीस मुदत आणि तोडण्याचा दंड बघा. मग सगळ्यात लवकर पैसे देणाऱ्या पार्टीची बिलं बाहेर काढा, कारण तिथे पोकळी सर्वांत छोटी. त्या पार्टीवर वाचलेली फी वेगळ्या खात्यात टाका. ते खातं महिन्याच्या डिझेलएवढं भरलं की दुसरी पार्टी काढा. उशिरा पैसे देणारी, पण पत चांगली असलेली एखादी पार्टी शेवटी फॅक्टरकडेच राहिली तरी बिघडत नाही. तिच्या पुढच्या दरपत्रकात तेवढा खर्च भाड्यात धरा.